प्रशिक्षणाचे तास मोजता, मग त्या तासांना माणूसही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळणाघर चालवणाऱ्या व्यक्तीला ठरावीक शिक्षणाची आणि दरवर्षीच्या प्रशिक्षणाची सक्ती असावी का, यावर आपल्या पत्रांच्या सदरात सध्या दोन टोकांची मतं वाचायला मिळत आहेत. एक म्हणतं, मुलं सांभाळायला कसली पदवी लागते, आपल्या आज्यांनी कुठला कोर्स केला होता? दुसरं म्हणतं, प्रमाणपत्र नसेल तर परवानाच देऊ नका. मी एका बालसंगोपन केंद्राची संचालिका आहे. मदतनीस म्हणून लंगोट बदलण्यापासून सुरुवात केली, मग बाळांच्या खोलीची ताई झाले आणि बऱ्याच वर्षांनी संचालिकेच्या खुर्चीत बसले. त्यामुळे या वादात मला बोलायचं आहे.

आज्यांचा मुद्दा आधी घेते, कारण तो प्रेमापोटी आलेला आहे. आजी आपल्या घरातली एक-दोन नातवंडं सांभाळते, तीही जन्मापासून ओळखीची. आमच्या एका खोलीत वेगवेगळ्या घरांतली तान्ही बाळं असतात. एकाला शेंगदाण्याची अॅलर्जी, एकाचं औषध जेवणानंतर, एकीच्या वडिलांना तिला न्यायची कोर्टाची मनाई. हे सगळं एका डोक्यात राहत नाही. ते लिहून ठेवण्याची, दुसऱ्याच्या हाती नीट सोपवण्याची पद्धत लागते आणि ती शिकावी लागते.

शिवाय प्रेमानं केलेली गोष्टही चुकीची असू शकते. तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं, म्हणजे ओकारी घशात जात नाही, असं एके काळी डॉक्टरही सांगत. पुढे पालथं झोपणं आणि झोपेतले अचानक मृत्यू यांचा संबंध लक्षात आला. अमेरिकेत 1992 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला बदलला, 1994 मध्ये बाळाला उताणं झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. तेव्हा जुन्या पद्धतीनं झोपवणाऱ्या बाईची माया कमी नव्हती, नवी माहिती तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती. प्रशिक्षण एकदा घेऊन का भागत नाही, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

घशात काही अडकलं की काय करायचं, तेही तसंच. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नसतं. त्याला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारायच्या आणि वस्तू निघाली नाही तर उताणं करून छातीवर पाच दाब द्यायचे. हे वाचायला सोपं आहे. पण बाळ निळं पडू लागलं की वाचलेलं आठवत नाही, हातांना जेवढी सवय असेल तेवढंच हातून होतं. म्हणून सक्तीला माझा ठाम पाठिंबा आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे येते. प्रमाणपत्र हवं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, कशाचं? बाळांच्या खोलीतल्या ताईला जे यायला हवं ते आणि संचालिकेला जे यायला हवं ते, यांत मोठा फरक आहे. उत्तम ताईला बढती देऊन संचालिका केली की काम झालं असं पुष्कळ ठिकाणी समजतात आणि ती बिचारी पहिल्याच महिन्यात रडकुंडीला येते. एका ताईचा सकाळी फोन येतो, ताप आहे, येत नाही. आता किती मुलांमागे किती मोठी माणसं हे प्रमाण कसं सांभाळायचं? कुणाला कुठल्या खोलीतून हलवायचं? एखाद्या मुलाच्या पाठीवर वळ दिसला तर कुणाला, कुठल्या शब्दांत आणि किती लवकर कळवायचं? दोन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळून बघत नाही, हे त्याच्या आईला कसं सांगायचं, म्हणजे ती घाबरून जाणार नाही आणि डॉक्टरकडे जायचं टाळणारही नाही? मुलावर आवाज चढवणाऱ्या मदतनीस बाईला त्याच दिवशी बाजूला घेऊन काय बोलायचं? बालमानसशास्त्राच्या पुस्तकात यातलं फारसं काही नसतं.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त कामाला आलेलं प्रशिक्षण हे अपघाताची नोंद कशी लिहायची याचं होतं. काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते लिहू नका. वेळ लिहा, कोण हजर होतं ते लिहा, पालकांना कधी कळवलं ते लिहा. त्या एका दुपारच्या शिकवणीनं आमच्याकडचे कितीतरी गैरसमज जागच्या जागी मिटले.

इंग्लंडच्या नियमांत केंद्राच्या व्यवस्थापकासाठी तिथल्या पातळी 3 ची, म्हणजे साधारण आपल्या बारावीच्या तोडीची, बालशिक्षणाची मान्य पात्रता आवश्यक धरली आहे आणि जोडीला लहान मुलांबरोबर किमान 2 वर्षांच्या कामाचा अनुभव असावा असं म्हटलं आहे. मुलं केंद्रात असतील तेवढा सगळा वेळ बालप्रथमोपचार शिकलेली निदान एक व्यक्ती तिथे हजर लागते आणि ते प्रमाणपत्र दर 3 वर्षांनी नव्यानं घ्यावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे परवान्याचे नियम वेगळे. तिथे चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट नावाचं प्रमाणपत्र आहे. त्यासाठी 120 तासांचं शिक्षण आणि मुलांबरोबर 480 तासांचं काम लागतं आणि तेही 3 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. शिकणं आणि करणं यांची अशी सांगड घातलेली मला आवडते. पण तेही मुळात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आहे. माणसं सांभाळणं, हिशेब, नोंदी, पालकांशी अवघड बोलणं यांचं शिक्षण संचालिकेनं वेगळं मिळवायचं असतं.

आणि ज्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, ते म्हणजे हे तास काढायचे कुठून? प्रशिक्षणाला जायचं म्हणजे केंद्रातून बाहेर पडायचं. छोट्या केंद्रात संचालिका हीच शेवटची बदली असते. कुणी आलं नाही की तीच खोलीत जाऊन बसते. ती गेली की मुलांमागच्या माणसांचं प्रमाण कोलमडतं, म्हणजे एक नियम पाळायचा तर दुसरा मोडायचा. मग वाट उरते मोबाइलवरच्या कोर्सची. मुलं दुपारी झोपली की कोपऱ्यात बसायचं, एक कान बाळांच्या खोलीकडे, व्हिडिओ पुढे सरकतोय, शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं टिचकी मारून द्यायची, प्रमाणपत्र छापायचं. नाहीतर रात्री, स्वतःच्या घरचं सगळं आवरल्यावर, मिटत्या डोळ्यांनी. असं करणाऱ्या बायका आळशी नाहीत. मी त्यांना ओळखते, त्या थकलेल्या आहेत. वर कोर्सची फी बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून आणि त्या वेळेचा पगार नाही.

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी 6 महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी 1 वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. तो दूरस्थ पद्धतीनं, टीव्ही आणि स्मार्टफोनवरून, चालू कामात कमीत कमी अडथळा येईल असा करायचा, पण महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग घ्यायचा. या मांडणीत शिकणाऱ्या बाईच्या दिवसाचा विचार आहे. तसाच विचार पाळणाघरांच्या संचालिकांबाबत व्हावा एवढंच मी मागते आहे. कायदे, पोषण, नोंदी हे पडद्यावरून शिकता येईल. बाळाच्या छातीवर दाब कसा द्यायचा हे मात्र बाहुलीवर, शिकवणाऱ्याच्या नजरेसमोर हातानं केल्याशिवाय ग्राह्य धरू नये.

वर्षानुवर्षं चांगलं काम केलेल्या पण पदवी नसलेल्या बायकांना सरसकट बाहेर काढू नये, हेही आवर्जून सांगते. त्यांना मुदत द्यावी. जाणत्या व्यक्तीनं केंद्रात येऊन दिवसभर त्यांचं काम बघावं, उणीव असेल तेवढंच शिकायला लावावं. अनुभव मोजायचा तर तो असा बघून मोजावा. नुसता वर्षांचा आकडा सांगून मात्र कुणालाच सूट मिळू नये, कारण तीच चूक वीस वर्षं करत आलेली माणसंही मी पाहिली आहेत.

पालकांनाही एक विनंती. प्रवेशाच्या वेळी बहुतेक जण मला कॅमेरे किती आहेत ते विचारतात. कॅमेरा नंतर बघायला उपयोगी पडतो, पण घशात अडकलेला मणी तो काढत नाही. आज या इमारतीत प्रथमोपचार शिकलेलं कोण आहे आणि ते कधी शिकलं, हे विचारा. भारतात 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. अशा आस्थापना पाळणाघराचा करार करतात तेव्हा तिथल्या संचालिकेच्या आणि तायांच्या प्रशिक्षणाचा, त्या काळातल्या पगाराचा खर्च त्याच करारात धरायला हवा.

परवाना देणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. नूतनीकरणाच्या अर्जात वर्षभरात घेतलेल्या प्रशिक्षणाच्या तासांचा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घाला: त्या तासांत केंद्राचा कारभार कुणाकडे होता आणि त्या व्यक्तीचं प्रशिक्षण काय. तो रकाना कोरा असेल तर अर्ज परत पाठवा आणि बदली माणसासाठी निधी मिळत नसेल तर तो कुठून द्यायचा हेही तुम्हीच ठरवा.

आपली,
एका बालसंगोपन केंद्राची संचालिका