कोल्हापूरच्या काकूंना, बॉयसीतल्या त्या रात्रीबद्दल

प्रिय काकू,

हे तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही अंगठा दाखवून मोकळ्या झाला असता, आणि समोर बसून बोलायला गेलं की "आभार कसले मानतीस, जेव आधी" म्हणून ताट पुढे करता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय. सतरा-अठरा वर्षं मनात आहे. तुम्ही मला जे दिलंत ते नेमकं काय होतं हे मलाही खूप उशिरा कळलं, त्यामुळे जरा पहिल्यापासून सांगते.

2006 चा सप्टेंबर. लग्नाला दोन महिने झालेले आणि मी डोंबिवलीतून उठून थेट अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसीत. नवरा चिपच्या फॅक्टरीत, बारा-बारा तासांची शिफ्ट, कधी दिवसाची कधी रात्रीची. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही, गाडी चालवता येत नाही, आणि इंग्रजी दहावीपर्यंत मराठी मीडियमचं, वाचायला उत्तम पण तोंडातून निघत नाही. खिडकीतून दिसायचं काय तर पार्किंग आणि मागे तपकिरी बोडके डोंगर. डोंबिवलीत रात्री शेवटची लोकल गेल्याशिवाय झोप लागायची नाही आणि इथे इतकी शांतता की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. डिसेंबरपर्यंत मी नवऱ्याला दोनदा सांगून झालं होतं की मी जानेवारीत परत जाते, तू ये नंतर.

तुम्ही भेटलात त्या दिवशी मी दुकानात शेंगदाण्यांची पिशवी हातात धरून वाचत उभी होते आणि मागून आवाज आला, "ते खारं हाय, कुटाला चालायचं नाही." मराठीत! मी वळून बघितलं तर तुम्ही, पांढरे केस, भगव्या लोकरीची टोपी, अंगात निळा स्वेटर. मला रडूच आलं एकदम आणि तुम्ही काही न विचारता माझी पिशवी परत फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "चल, मी दाखवतो कच्चे कुठं मिळतात ते." मी दाखवतो! मला वाटलं चुकून बोललात. नंतर कळलं की कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी जेवलो"च म्हणतात आणि तीस वर्षं अमेरिकेत राहून तुमचं ते सुटलेलं नाही. अजून सुटलं नाहीये, कधी सुटू पण देऊ नका.

मग दर शनिवारी तुम्ही न्यायला यायचात. शनिवारी मॅच, अमेरिकन फुटबॉलची. मी म्हटलं मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तर तुम्ही म्हणालात "ह्यो फुटबॉल नव्हंच, हातात घेऊन पळत्यात, पण बघ तर." तुमचे भाऊ पेठेच्या तालमीच्या टीममधून शाहू स्टेडियमवर खेळलेले, लहानपणी आख्खी पेठ मॅचला लोटायची, हरल्यावर दोन-दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही हे सगळं तुमच्याकडूनच ऐकलं. बॉयसीत आल्यावर नवीन गावात जीव लागेना तेव्हा तुम्ही इथल्या कॉलेजची, बॉयसी स्टेटची टीम धरलीत. 1986 मध्ये त्यांनी मैदानावरचं गवत निळं केलं, सगळ्या देशाने नावं ठेवली, आणि तुम्ही त्या वर्षीपासून निळा स्वेटर घालता. (आणि हो, बॉयझी नाही, बॉयसी. हे पण तुम्हीच शिकवलंत, "इथलं माणूस 'झी' म्हणत नाही, 'झी' म्हटलं की बाहेरचं.")

खेळ शिकवलात तो डायनिंग टेबलवर. पाच वाट्या एका ओळीत, ही आपली पुढची फळी. समोर शेंगदाणे, ते अडवणारे. लिंबू म्हणजे बॉल. चार चान्स मिळतात आणि त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलास की परत चार चान्स, नाही जमलं तर लिंबू समोरच्याला. पार रेघेपलीकडे गेलं की टचडाउन, सहा पॉइंट, वर लाथ मारून एक मिळवायचा नाहीतर परत एकदा आत घुसून दोन. पहिल्यांदाच मला ते नुसतं एकमेकांवर पडणं दिसायचं थांबलं. प्रत्येक वेळी कोण कुठे उभं आहे, कोण खोटं पळतंय, कोणाच्या नजरेत धूळ फेकतायत ते दिसायला लागलं. तुम्ही त्याला 'डाव' म्हणायचात, कुस्तीतला. "ताकद त्यांच्याकडं हाय, मग आपल्याकडं डाव पायजे."

त्या वर्षी बॉयसी स्टेट एकही मॅच हरली नव्हती, 12 पैकी 12. नोव्हेंबरात सॅन होजेला हरता हरता वाचले, शेवटच्या क्षणाला फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथेने मारलेला बॉल, 23-20, त्या दिवशी काकांनी पूजेची घंटा वाजवली होती आठवतंय? पण टीव्हीवरचे मोठे मोठे लोक म्हणायचे की ह्यांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, छोटी आहे, ह्यांनी खऱ्या टीमला हरवलंय कुठे. मोठ्या सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना मोठ्या बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या मानाच्या मॅचमध्ये, जागा आधीच राखून ठेवलेली, आणि आपल्यासारख्यांनी सगळ्या मॅच जिंकूनही रँकिंगकडे बघत बसायचं. शेवटी फिएस्टा बोल मिळाला, ॲरिझोनात ग्लेनडेलला, आणि समोर कोण तर ओक्लाहोमा. सात वेळा देशाचे चॅम्पियन. आणि त्यांचा तो बॉल घेऊन पळणारा एड्रियन पीटरसन, कॉलरबोन मोडून बसलेला, नेमका ह्या मॅचला परत आला. आपला कोच पण पीटरसन, क्रिस पीटरसन, पहिलंच वर्ष त्याचं. "एक पीटरसन त्यांचा, एक आपला, त्यांचा पळतंय, आपला डोकं चालवतंय" हे तुम्ही मला सोपं करून सांगितलेलं.

1 जानेवारी 2007. नवऱ्याची रात्रपाळी. तुम्ही दुपारीच येऊन घेऊन गेलात, तळघरातल्या खोलीत टीव्ही, वर गॅसवर तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से, आयडाहोत मेंढ्या भरपूर त्यामुळे मटणाची ददात नाही. बॅग अर्धी भरून ठेवलेली आहे हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं असं आता वाटतं.

सुरुवात तर काय झाली! बघता बघता 14-0. हाफटाइमला 21-10. मग तिसऱ्या क्वार्टरला आपल्या पोराने त्यांचा पास मधेच पकडला आणि पळत सुटला, 28-10. काकांनी जेवण वाढायला घेतलं. तुम्ही मात्र सोफ्याच्या कडेवर बसलेल्या, हातातली क्रोशाची सुई थांबलेली, म्हणालात "अजून लई वेळ हाय." आणि खरंच ते परत आले, हळूहळू, दमवत दमवत, शेवटी दीड मिनिट उरलं असताना 28-28. ते शेवटचे दोन पॉइंट तर पेनल्ट्यांमुळे परत परत खेळले गेले आणि प्रत्येक वेळी आपण श्वास धरायचा. आणि मग लगेच पुढच्याच खेळीला आपला पास टाकणारा झाब्रान्स्की, त्याचा पास त्यांच्या मार्कस वॉकरने पकडला आणि थेट टचडाउन. 35-28. एक मिनिट दोन सेकंद शिल्लक.

काका उठले. रिमोट उचलला. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त म्हणालात, "बसा खाली. एक मिनिट हाय अजून." काका बसले. मी तुमच्या शेजारी सरकले आणि तुम्ही माझं मनगट धरलंत, इतकं घट्ट की बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होता.

18 सेकंद. चौथा चान्स आणि अजून 18 यार्ड सरकायचं, मैदानाच्या अगदी मधोमध. मला तोपर्यंत एवढं कळत होतं की हे होणारं नाही. झाब्रान्स्कीने मधे ड्रिसन जेम्सला पास दिला, तो पंधरा एक यार्डावर, तिथेच अडकणार, माझ्या तोंडून "संपलं" गेलं, आणि त्याने बॉल बाजूला टाकला, उलट्या दिशेने जीव घेऊन पळत येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हातात! ओक्लाहोमाची सगळी पोरं जेम्सच्या अंगावर निघालेली आणि रॅब डाव्या कडेने सुटला, 35 यार्ड, आणि रेघेवर उडी. सात सेकंद उरले होते. एक पॉइंटची किक पण गेली, 35-35. तुम्ही किंचाळलात ते शाहू स्टेडियमवरचं किंचाळणं होतं, तळघरात मावत नव्हतं.

ओव्हरटाइममध्ये 25 यार्डावरून सुरू करायचं, दोघांना एकेक संधी. त्यांच्या पीटरसनने पहिल्याच खेळीला 25 च्या 25 यार्ड पळून टचडाउन केला. एका खेळीत. 42-35. मग आपले अडखळत पाच यार्डापर्यंत, परत चौथा चान्स, अजून दोन यार्ड सरकायचं, आणि तिथे बॉल झाब्रान्स्कीकडे गेलाच नाही, व्हिनी पेरेटा घेऊन पळाला, पळता पळता त्याने पास टाकला आणि शाउमनने झेलला. 42-41. एक किक मारली की बरोबरी. मी म्हटलं मारा की किक. तुम्ही मान हलवलीत. "मारायचा नाही तो. पोरं दमल्यात, त्यांची माणसं मोठी हायत. दमलेल्या पैलवानानं कुस्ती लांबवायची नसते." आणि कोच पीटरसनने खरंच दोन बोटं वर केल्यासारखं तेच सांगितलं, जायचं दोनला.

ती खेळी मी त्या रात्री बघितलीच नाही काकू. म्हणजे बघितली पण सगळ्यांसारखी उजवीकडेच बघितली. झाब्रान्स्की मागे आला, उजव्या हाताने फेकल्याची ॲक्शन केली, तिकडे तिघं उभे, सगळी ओक्लाहोमा तिकडे, मी पण तिकडे. आणि बॉल होता डाव्या हातात, पाठीमागे, आणि आपल्या इयान जॉन्सनने तो मागच्या मागे उचलला आणि डावीकडून मोकळ्या रानात चालल्यासारखा आत गेला. कोणाचा हात लागला नाही. 43-42. काका ओरडत होते "काय झालं, काय झालं", मला पण काही कळत नव्हतं, आणि तुम्ही रडत होतात. शांतपणे, डोळे न पुसता.

मग त्या इयानने मैदानातच, कॅमेरा चालू असताना, गुडघ्यावर बसून आपल्या चिअरलीडर मैत्रिणीला लग्नाचं विचारलं आणि ती हो म्हणाली. तुम्ही म्हणालात "ह्यो पोरगा पण क्रोशानं टोप्या विणतो, ठाऊक हाय?" आणि तुमच्या हातातली निळ्या-भगव्या लोकरीची टोपी, जी तुम्ही सप्टेंबरपासून कोणासाठी तरी विणत होतात, तिचा धागा दातांनी तोडलात आणि माझ्या डोक्यावर घातलीत.

रात्री दहा वाजून गेले होते आणि तुम्ही मला वर नेऊन परत वाट्या मांडल्यात. तीन वाट्या उजवीकडे. तुमचा उजवा हात वर, रिकामा. "हिकडं बघ, हिकडं बघ," म्हणालात, आणि मी बघत राहिले, आणि लिंबू तुमच्या डाव्या हातातून काकांनी कधी घेतलं मला कळलंच नाही. चार वेळा करून दाखवलंत. चौथ्या वेळी मी काकांना पकडलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात एकटी गेले, चालत, दुधासाठी. डोक्यावर तुमची टोपी. काउंटरवरच्या बाईने टोपी बघितली आणि विचारलं बघितलीस का, आणि मी, जी चार महिन्यांत तिच्याशी "थँक यू"च्या पुढे गेले नव्हते, मी तिला काउंटरवरचं चॉकलेट हातात घेऊन दाखवलं, उजवा हात वर, डावा मागे. माझ्या मागे रांगेत उभा असलेला म्हातारा माणूस म्हणाला थांब थांब, आणि त्याने माझ्या मागून येऊन ते चॉकलेट घेतलं आणि डावीकडे पळाला, त्या वयात! सगळी रांग हसत होती, टाळ्या वाजवत होती. आम्ही दहा मिनिटं बोललो असू. इंग्रजीत. मी चुकत होते आणि कोणाचं लक्षच नव्हतं तिकडे, कारण सगळ्यांना फक्त रॅबची उडी परत सांगायची होती. घरी आले तर दूध विसरलेले. बॅग उघडून स्वेटर कपाटात लावले.

पुढे आठवड्याभराने फ्लोरिडाने तोवर न हरलेल्या ओहायो स्टेटला हरवलं आणि देशातल्या सगळ्यात वरच्या गटात एकही मॅच न हरलेली एकच टीम उरली, आपली, 13-0, आणि त्यांना नंबर दिला पाचवा. तुमचा तो राग मला अजून आठवतो आणि पटतोही. सगळं जिंकल्यावर माणसाने अजून काय करायचं?

तुम्ही कोल्हापूरला परत गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. काका गेले तेव्हा मला येता आलं नाही, फोनवर तुम्हीच मला समजावत होतात. माझं इथे लायसन्स झालं, पुढे ग्रीन कार्ड, नोकरी, मुलगी झाली, ती ह्याच कॉलेजला जायचं म्हणतेय. ह्या गावात मला मैत्रिणी आहेत, शेजार आहे, आणि त्यातली पहिली मैत्रीण कोण माहितीये का, काउंटरवरची ती बाई. ते सगळं तुमच्या त्या पाच वाट्यांपासून सुरू झालं काकू. थँक यू. जेवते नंतर, आधी हे ऐकून घ्या.

टोपी अजून आहे, एका बाजूने उसवलीये, भगवी लोकर तशी इथे मिळत नाही, तुमच्याकडे गुंडी उरली असेल तर ठेवा, मे महिन्यात येतेय तेव्हा टोपी घेऊन येईन. आणि येत्या शनिवारी संध्याकाळची मॅच आहे, तुमच्याकडे रविवारची सकाळ असेल. फोन लावून टीव्हीसमोर ठेवते. उचला.

तुमची,
कच्च्या शेंगदाण्यांवाली