निळ्या समुद्रावर निळं जहाज: काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस आणि कॉन्स्टंटाइनचा प्रतिस्पर्धी सम्राट लिसिनियस, दोघांचीही खेळण्यातली आरमारं रंगवून झाली. फोटो पाठवले तर तुमचं उत्तर नेहमीचंच: "ठीक." तुमच्याकडून एवढं मिळालं की पुष्कळ झालं, हे मला आता कळतं. पण या जहाजांमागे तुमचा हात किती आहे ते आपल्या दोघांतच राहू नये, म्हणून हे पत्र चारचौघांत.

ज्यांना हा उद्योगच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हाइट मेटलची किंवा रेझिनची इवलीशी जहाजं आणायची, कानशीने घासायची, रंगवायची आणि नियमांचं पुस्तक उघडून टेबलावर जुन्या लढाया खेळायच्या. क्लिओपात्रा आणि अँटनीच्या काळातलं आरमार करायचं असेल तर मदत भरपूर मिळते. चौथ्या-पाचव्या शतकाचं रोमन आरमार म्हटलं की लोक खांदे उडवतात. तुम्ही उडवले नाहीत. मर्चंट नेव्हीत जन्म काढलेला माणूस खेळण्यातल्या जहाजांसाठी कशाला वेळ घालवेल, असं मला वाटत होतं. तुम्ही मात्र उलट मलाच विचारलंत, "रंग कुठला ते मागाहून बघू. आधी सांग, हे जहाज बघणारा कुठे उभा आहे?"

या एका प्रश्नाबद्दल खरं तर हे पत्र आहे.

व्हेजिटियस नावाच्या रोमन लेखकाने युद्धशास्त्रावर लिहिताना ब्रिटनकडच्या टेहळणीच्या होड्यांचं वर्णन केलं आहे. प्रत्येक बाजूला वीसेक वल्हेकरी. पांढऱ्या रंगामुळे शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून शिडं आणि दोरखंड समुद्राच्या लाटांसारख्या निळ्या रंगात रंगवलेले, जहाजाला फासायचं मेणसुद्धा त्याच रंगाचं, आणि खलाशी-सैनिकांचे कपडेही तसेच, म्हणजे रात्रीच काय, दिवसाही लपता यावं. इतका नेमका पुरावा रंगवणाऱ्याला क्वचित मिळतो. आणि तोच गळ्याशी येतो! जे जहाज दिसू नये म्हणून रंगवलं होतं, ते निळ्या बेसवर, म्हणजे समुद्रासारख्या रंगवलेल्या बैठकीवर, ठेवलं की खरोखरच दिसत नाही. समोरचा खेळाडू त्यावर चहाचा कप ठेवायचा बाकी राहतो.

मी जहाजाचा निळा उजळ करायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, जहाजाला हात लावू नकोस, समुद्र बदल. तो काही भूमध्य समुद्र नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं पाणी ढगाळ दिवशी करडं-हिरवं, गढूळ असतं. बेसवर तो करडा-हिरवा चढवला, नाळेपाशी फेसाचा पांढरा आणला, आणि त्याच निळ्यात थोडा करडा मिसळून शिडं मारली. आता हातभर अंतरावरून होडी पाण्यात विरते आणि वाकून पाहिलं की उठून दिसते. बघणारा कुठे उभा आहे, ते असं.

मेणाबद्दलही तुमचंच ऐकलं. रंग कालवलेलं वितळवलेलं मेण ब्रशने जहाजांना लावत, आणि ते उन्हाने, खाऱ्या पाण्याने, वाऱ्याने खराब होत नसे, असं थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. मी ते वाचून पुढे गेले होते. तुम्ही तिथेच अडलात: मेण म्हणजे चमक! म्हणून लाकडी अंगाला सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं, व्हार्निश आणि कापडाला बिनचमकीचं मॅट. एवढ्या एका फरकाने धातूचा तुकडा लाकूड आणि कापड असा वेगवेगळा दिसायला लागतो. वल्ह्यांचंही तसंच. १:६०० मापात ती एकेक सुटी नसतात, फणीसारखी एकसंध ओतलेली असतात. आधी गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त टोकांवरून आडवा हात. वॉश पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, ही तुमची अट सगळ्यात जड गेली.

जर्मनीतल्या माइन्झच्या जहाज-संग्रहालयात तुम्ही नेलंत, त्याचेही आभार. १९८१-८२ मध्ये हॉटेलच्या बांधकामासाठी खोदताना तिथे ऱ्हाइनकाठी उशिराच्या रोमन काळातली पाच जहाजं निघाली, ओकच्या लाकडाची. त्यांच्यावरून बांधलेली पूर्ण आकाराची नौका जवळजवळ २१ मीटर लांब आहे. माझ्या मापात ती साडेतीन सेंटिमीटर होते. तुम्ही तिथे फळ्यांचे सांधे बघत बसलात आणि मी तुमच्याकडे बघत होते.

आता क्रिस्पस आणि लिसिनियसच्या आरमारांची हेलेस्पाँटची, म्हणजे आजच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीतली, लढाई, इसवी सन ३२४. दोन्ही बाजू रोमनच, मग टेबलावर ओळखायच्या कशा? कॉन्स्टंटाइनच्या जहाजांच्या शिडांवर ख्रिस्ताचं चिन्ह रंगवून मोकळं व्हायचा मोह मोठा होता. तुम्ही म्हणालात, लढाईत डोलकाठ्या उतरवतात, चिन्ह काढणार कशावर? त्यापेक्षा झोसिमस या इतिहासकाराची यादी परत वाच. वाचली. लिसिनियसची ३५० जहाजं गोळा केलेली: इजिप्तची ८०, फिनिशियाची ८०, आशियातल्या आयोनियन-डोरियनांची ६०, लिबियाची ५०, सायप्रसची ३०, बिथिनियाची ३०, कॅरियाची २०. समोर कॉन्स्टंटाइनची तीस वल्ह्यांची २००. झोसिमस पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी लिहितो, त्याचे आकडे गाळून घ्यावेत. पण रंगासाठी चित्र स्पष्ट आहे: एकीकडे गावोगावचं वऱ्हाड, दुसरीकडे एका नमुन्याचं आरमार. म्हणून लिसिनियसच्या जहाजांना गटागटाने वेगळी लाकडं, वेगळ्या पट्ट्या दिल्या. क्रिस्पसची सगळी एकाच पातेल्यातली.

क्रिस्पसने निवडक ८० पुढे काढली, लिसिनियसचा आरमारप्रमुख अबांटसने २००. मी दहाला एक मॉडेल धरून आठ विरुद्ध वीस मांडली. अरुंद सामुद्रधुनीत वीस मॉडेलं एकमेकांना कशी अडतात ते मांडल्याबरोबर दिसतं, वाचून नाही कळत. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला आणि लिसिनियसची १३० जहाजं गेली. एवढं जिंकून देणाऱ्या क्रिस्पसला दोन वर्षांनी त्याच्या बापानेच मारवलं. हे सांगितल्यावर तुम्ही ब्रश खाली ठेवून म्हणालात, "मग त्याची जहाजं तरी नीट रंगव."

रंगवली. शक्य तितकी.

पुढचा बेत ४६८ सालच्या, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या केप बॉनच्या लढाईचा आहे. व्हँडलांचा राजा गायसेरिकने पाच दिवसांची मुदत मागितली, रोमन सेनापती बॅसिलिस्कसने ती दिली, आणि मनासारखा वारा येताच व्हँडलांनी पेटत्या होड्या रोमन आरमारात सोडल्या. आगीचा उजेड शेजारच्या जहाजाच्या अंगावर कसा पाडायचा, नारिंगी आधी की पिवळा, आणि सॅटिन व्हार्निशवर तो टिकेल का, हे तुम्हालाच विचारायचं आहे. शनिवारी येते. काकूंना सांगा, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं मीच पसरीन आणि उचलीनही मीच.

तुमची,
रंगकामातली शिष्या