तासगावला काकांना पत्र: आमच्या गावच्या टीव्हीचा आठवडा

ती. काका आणि ती. काकू,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर काका तुम्ही विचारलंत की बाई तू त्या टीव्हीवाल्यांकडं नेमकं करतेस काय, बातम्या वाचतेस का, आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली, वायफाय गेलं आणि कॉल कट झाला. म्हटलं हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, निवांत बसून लिहावं. शिवाय तुम्ही स्वतः इतकी वर्षं केबल चालवलीत, गच्चीवरच्या डिशपासून गल्लीतल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सगळं हातानं केलंत, तर यातलं तुम्हाला जेवढं कळेल तेवढं इथल्या माझ्या ऑफिसातल्या लोकांनापण कळत नाही.

तर बातम्या वगैरे नाही वाचत मी. हे जे स्टेशन आहे ते कुठल्या कंपनीचं नाही आणि सरकारचंपण नाही, गावातल्या लोकांसाठी चालणारी एक संस्था आहे. इथं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात जवळपास गावोगावी अशी स्टेशनं आहेत. आमच्याकडं तीन चॅनल: एक गावकऱ्यांसाठी, एक शाळांसाठी, एक गावच्या कारभारासाठी. पगारी माणसं मोजकीच, बाकी सगळे हौशी आणि माझ्यासारखे पार्ट टाइम. जागा हायस्कूलच्या मागच्या अंगाला, एक स्टुडिओ, एक कंट्रोल रूम, एडिटिंगचे दोन कॉम्प्युटर आणि एक कपाट भरून कॅमेरे, जे गावात राहणारा कुणीही ट्रेनिंग घेऊन फुकट घरी नेऊ शकतो.

आठवडा सुरू होतो सोमवारी संध्याकाळी. त्या दिवशी टाउन हॉलमध्ये सिलेक्ट बोर्डाची मीटिंग असते, म्हणजे निवडून आलेली पाच माणसं जी गावाचा कारभार बघतात, आपल्या नगरपालिकेतल्या लोकांसारखीच. मीटिंगची नोटीस आणि विषयपत्रिका किमान 48 तास आधी लावावी लागते, आणि त्यात शनिवार रविवार आणि सुट्टीचे दिवस धरत नाहीत, असा इथल्या राज्याचा कायदा आहे. ती विषयपत्रिका आली की मी पहिल्यांदा नावं टाइप करून ठेवते, कोण बोलणार, कुठल्या खात्याचा, म्हणजे स्क्रीनच्या खाली पट्टी टाकताना घाई होत नाही. हॉलच्या भिंतींवर रिमोटवर फिरणारे कॅमेरे बसवलेत आणि मी शेजारच्या छोट्या खोलीत जॉयस्टिक आणि स्विचर घेऊन बसते. अध्यक्ष आधी मोठ्यानं सांगतात की रेकॉर्डिंग चालू आहे, ते सांगणंपण कायद्यानं बंधनकारक आहे, आणि मग सुरू.

आणि काका, इथं कट नाही. सभा सुरू झाल्यापासून उठेपर्यंत जे झालं ते सगळं तसंच्या तसं दाखवायचं. गटाराच्या पाइपाचं टेंडर तासभर चाललं तर तासभर. फक्त बंद दाराआड बसायचं असेल तर त्यांना आधी कारण सांगून एकेकाचं नाव पुकारून मत घ्यावं लागतं, ते मतदान आमच्या रेकॉर्डिंगमध्ये येतं आणि मग आम्ही थांबतो.

मागच्या महिन्यात लायब्ररीसमोरच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग हवं म्हणून एक आजी आल्या होत्या, काठी टेकत माइकपर्यंत गेल्या. माइक उंच होता, त्यांचं तोंड माइकच्या खालीच राहिलं, हॉलमध्ये पुढच्या रांगेला ऐकू गेलं असेल पण टीव्हीवर काहीच नाही. मी हेडफोनमधून ऐकत होते, लगेच आतल्या फोनवरून क्लार्कला सांगितलं, ती उठली, माइक खाली केला आणि म्हणाली आजी पहिल्यापासून बोला. त्यांनी परत पहिल्यापासून सगळं सांगितलं, कुठं गाड्या वळतात, शाळा सुटल्यावर किती पोरं पळत रस्ता ओलांडतात, सगळं. मी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला आणि मध्येच एकदा बोर्डावरच्या माणसांवर नेला, कारण ऐकणारे कसे ऐकतायत तेपण लोकांना दिसलं पाहिजे असं मला वाटतं. पुढच्या मीटिंगला तो विषय पत्रिकेवर आला. आता तो टीव्हीमुळं आला असं मी म्हणणार नाही, पण त्या आजींचं म्हणणं नावासकट, तारखेसकट रेकॉर्डवर आहे आणि कुणालाही कधीही काढून बघता येतं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

रात्री घरी जायच्या आधी फाइल सर्व्हरवर टाकायची, की सकाळी रिपीट लागतो. मंगळवारी विषयाप्रमाणं खुणा करायच्या, म्हणजे ज्याला फक्त पाणीपट्टीचं बघायचंय त्याला तीन तास बघायला नको, आणि यूट्यूबवर चढवायचं. मग खाली येणाऱ्या अक्षरांचं काम. कॉम्प्युटर आपोआप लिहितो पण गल्ल्यांची आणि माणसांची नावं हमखास चुकवतो, ती एकेक बसून दुरुस्त करायची. कंटाळवाणं काम आहे पण गावात ऐकू कमी येणारी वयस्कर मंडळी पुष्कळ आहेत आणि ती खरंच वाचून बघतात. त्याच संध्याकाळी शाळेच्या कमिटीची मीटिंग, ती दुसरा एक मुलगा करतो.

बुधवार माझा सगळ्यात आवडता. त्या दिवशी ट्रेनिंग असतं, गावातलं कुणीही यायचं. ट्रायपॉड कसा लावायचा, व्हाइट बॅलन्स म्हणजे काय, कॉलरला माइक कुठं लावला की शर्टाची खसखस येत नाही, एवढं शिकलं की तुम्ही तुमचा कार्यक्रम करायला मोकळे. या भागात ब्राझीलहून आलेले लोक बरेच आहेत, त्यांच्यातल्या काही बायका मिळून पोर्तुगीजमध्ये कार्यक्रम करतात, शाळेत नाव कसं घालायचं, घरमालकानं डिपॉझिट परत दिलं नाही तर कुठं जायचं, अशा कामाच्या गोष्टी. कॅमेरा त्याच चालवतात, बोलतात त्याच. पहिल्यांदा आली तेव्हा त्यातली एक जण लेन्सकडं बघायलापण तयार नव्हती, आता तीच नवीन आलेल्यांना शिकवते. एक रिटायर झालेला स्कूल बस ड्रायव्हर आहे, तो गावातल्या जुन्या कबरींवरची नावं वाचत हिंडतो आणि त्या त्या घराण्याची माहिती सांगतो. बघणारे किती असतील मला माहीत नाही, पण ही माहिती दुसरं कुठलंच चॅनल कधी दाखवणार नाही.

आता तुम्ही विचाराल कुणी काहीही बोललं तर? तर बोलू देत. कार्यक्रम देणाऱ्यानं जबाबदारीच्या फॉर्मवर सही करायची, अश्लील नको, जाहिरात नको, बाकी जो आधी येईल त्याला आधी वेळ. गावातला एक माणूस दर आठवड्याला अर्धा तास बोर्डावर टीका करतो, नावं घेऊन करतो, आणि ते आम्हीच दाखवतो, सोमवारी ज्यांची मीटिंग दाखवली त्यांच्यावरचीच टीका गुरुवारी. आमचे चॅनल जिच्या वायरीवरून घरोघरी जातात त्या केबल कंपनीलापण त्यात हात घालायला कायद्यानं मनाई आहे. तुम्हाला आठवत असेल लोकल चॅनलवर एखादी क्लिप लागली की कुणाकुणाचे फोन यायचे आणि काकू जेवायला वाढून वाट बघत बसायची. तसला फोन इथं आला तर आमच्याकडं उत्तर तयार असतं की साहेब, तुम्हीपण या, तुम्हालापण अर्धा तास देतो.

शुक्रवारी हायस्कूलची मॅच, तीन कॅमेरे आणि कॉमेंट्री शाळेतल्याच पोरांची. शनिवार रविवार पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लावायचं आणि मधल्या रिकाम्या वेळात चालणाऱ्या सूचनांच्या पाट्या बदलायच्या, रक्तदान, हरवलेलं मांजर, बर्फ पडला तर गाडी कुठं लावायची, झालं.

पैशाचं ऐका, यात तुम्हाला रस वाटेल. केबल कंपनीला गावातल्या रस्त्यांवरून, खांबांवरून वायर न्यायची असते, तर गाव म्हणतं ने, पण त्याबदल्यात चॅनल दे आणि हिस्सा दे. 1984 साली इथं केंद्राचा केबल कायदा झाला, त्यात गावाला असे चॅनल मागायचा हक्क मिळाला आणि कंपनीच्या केबलच्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 5 टक्के फी घेता येते असं ठरलं. पण ही कल्पना त्याच्याही आधीची. 1967 च्या सुमाराला सोनीचा खांद्याला अडकवून न्यायचा व्हिडिओ कॅमेरा निघाला, त्याच सुमाराला कॅनडात सरकारी फिल्म बोर्डानं एक उपक्रम काढला, त्यात पुढं गरीब वस्त्यांतल्या लोकांच्याच हातात कॅमेरा दिला, तिथं काम केलेले जॉर्ज स्टोनी नावाचे गृहस्थ मग न्यूयॉर्कला आले आणि रेड बर्न्स या बाईंबरोबर त्यांनी तिथल्या विद्यापीठात लोकांना हे शिकवायचं केंद्र काढलं. 1971 मध्ये मॅनहॅटनमध्ये लोकांसाठीचे चॅनल सुरू झाले, 1972 मध्ये सरकारनं मोठ्या शहरांतल्या केबलवाल्यांवर सक्ती केली, 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सक्ती उडवली, आणि मग 1984 चा कायदा. म्हणजे आपोआप कुणी काही दिलं नाही, दर वेळी भांडून घ्यावं लागलं. आमच्या गावाचा कंपनीशी करार दहा वर्षांचा असतो आणि तो संपायला आला की परत सगळं वाटाघाटीला येतं.

आणि आता काळजी अशी की लोक केबल काढून टाकतायत. सगळे इंटरनेटवर बघतात, आणि इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या कंपन्यांना ही फी लागू नाही, जरी त्यांचे कार्यक्रम त्याच खांबांवरच्या वायरीतून येत असले तरी. केबलची गिऱ्हाइकं घटली की आमचा हिस्सा घटतो. राज्याच्या विधिमंडळात त्यांच्याकडूनपण वसूल करावं असा प्रस्ताव आलाय, आम्ही सगळे त्यासाठी पत्रं लिहितोय. 2020 च्या मार्चमध्ये टाउन हॉल बंद झाला तेव्हा लोकांना घरबसल्या गावच्या मीटिंगा बघायची सोय अशाच स्टेशनांनी करून दिली, झूमवरची मीटिंग थेट चॅनलवर. तेव्हा सगळ्यांना याची किंमत कळली होती, ती विसरू नये एवढंच.

आता तुमच्याकडचं एक काम. सध्या आम्ही स्टेशनच्या जुन्या व्हीएचएस टेपा कॉम्प्युटरवर घेतोय. दोन तासाच्या टेपेला पूर्ण दोन तास लागतात, त्यात घाई करता येत नाही, आणि चांगला व्हीसीआर मिळणं मुश्किल झालंय कारण 2016 मध्ये फुनाई कंपनीनं बनवायचं थांबवलं आणि तीच शेवटची राहिली होती. हे करताना मला सारखे तुमचे रथोत्सवाचे कॅसेट आठवतात. सिद्धिविनायकाचा रथ, दोराला लागलेली सगळी माणसं, आणि ते कुस्त्यांचं मैदान जे तुम्ही लोकल चॅनलवर रात्रभर लावलं होतं. त्यातली किती माणसं आज आहेत सांगा. काका, ते माळ्यावर पत्र्याखाली असतील तर आधी खाली काढा, पत्र्याच्या उन्हानं टेप खराब होते. पांढरी बुरशी दिसली तर ती टेप अजिबात लावून बघू नका, टेपपण जाईल आणि व्हीसीआरचं हेडपण खराब होईल, ती वेगळी ठेवा. चांगल्या असतील त्या पूर्ण रिवाइंड करून पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो तो मोडून टाका म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड व्हायला नको. आणि लेबलवर साल नसेल तर तुम्हाला आठवतंय तोवर लिहून ठेवा, कुठली कुस्ती, कोण पैलवान, रथापुढं कोण कोण होतं, काकूला तर सगळ्यांची नावं पाठ आहेत.

मी दिवाळीनंतर येतेय. येताना एक चांगला व्हीसीआर आणि टेप कॉम्प्युटरवर कॅप्चर करायची डबी घेऊन येते, इथला व्होल्टेज वेगळा म्हणून ट्रान्सफॉर्मर तिकडं सांगलीत मिळतो का तेवढं बघून ठेवा. टेपा आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या म्हणजे पालच्या असणार, त्यामुळं इथली आणि तिकडची अशा दोन्ही पद्धती चालणारंच मशीन शोधतेय. किती टेपा आहेत ते मोजून मला व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणजे हार्ड डिस्क केवढी घ्यायची ते ठरवता येईल.

काकूला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
मनू