कोणत्या रकान्यात लिहू?

चि. माई,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझ्या कॉलेजचा छापील तक्ता पोचला. वर ‘पाळकाचा एक आठवडा’ आणि खाली चार रकाने: उपदेशाची तयारी, घरभेटी, कार्यालयीन काम, समाजकार्य. प्रत्येकापुढे तास भरायचे. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या वहीसाठी हवा आहे म्हणून मी मनापासून बसलो. पहिला रकाना भरला, आठ तास. त्यातले चार शनिवारी रात्रीचे. दुसऱ्यापासून पेन्सिल अडली. म्हणून तक्त्याबरोबर हे पत्र.

सोपं ते आधी सांगतो. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, तिला मला बोलावणं येतं. मंडळांचे अध्यक्ष, नगरसेवक, मौलाना आणि मी. तिथे मी दोन वाक्यांपेक्षा जास्त कधी बोललो नाही. पण मौलानांची आणि माझी ओळख त्याच बाकावरची, आणि ती किती कामाला येते ते पुढे सांगतो. लग्नांचं तुला ठाऊकच आहे. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही वेळ दिली आहे आणि वऱ्हाड साडेसहाला अजून बसस्टँडपाशी नाचत असतं. मी झगा घालून दारात उभा राहतो, मग बँडवाला मला बघून आपणच वाजवायचं थांबवतो.

पालखीचं मात्र सविस्तर सांगावंसं वाटतं. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून आपल्या भागातून पंढरपूरला जाते, तेव्हा एक छोटी दिंडी दुपारी आपल्या चिंचेखाली टेकते. मम्मी दोन पिंप पाणी भरून ठेवते आणि कंपाउंडमधला संडास धुऊन उघडा ठेवायला लावते. चालून आलेल्या बायकांना पाण्याइतकीच त्याची गरज असते, हे मला तिने शिकवलं. गेल्या वर्षी आत आपल्या बायकांच्या भजनाचा सराव चालू होता. टाळ ऐकून एक वारकरी आजोबा व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. चाल ओळखीची, शब्द नवे. “अभंग कोणाचा?” मी सांगितलं, नारायण वामन टिळकांचा, ख्रिस्ती होते, राहुरीला राहायचे. “मग आपल्याकडलेच की,” म्हणाले, आणि बायकांची एक जागा चुकत होती ती गाऊन दाखवली. आता रविवारी आम्ही तशीच म्हणतो. हे समाजकार्यात लिहू की उपासनेच्या तयारीत?

आता कार्यालयीन काम. तुमच्या तक्त्यात हा रकाना सगळ्यात कोरडा दिसतो. माझ्या मते पाळकाची परीक्षा इथेच होते.

लोखंडी कपाटात तीन वह्या आहेत, बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि दफनाची. सगळ्यात जुन्या वहीत 1899-1900 च्या दुष्काळातून मिशनच्या अनाथगृहात वाढलेल्या मुलांची नावं आहेत. बापाच्या नावाची जागा कोरी, गावाचं नाव अंदाजाने लिहिलेलं. पुण्या-मुंबईहून माणसं येतात, आपल्या पणज्याची ओळ शोधतात, तिचा फोटो काढतात आणि बराच वेळ गप्प बसतात. त्या वेळी मीही गप्प बसतो. घाई करायची नाही, इतकंच काम.

पण वहीसाठी येणारा प्रत्येक जण ओळ शोधायला येत नाही. कालव्याकडच्या वस्तीवरचा तो मुलगा आठवतो ना, शब्बाथ शाळेत पाठांतराचं बक्षीस तुझ्या हातचं काढून घेतलं होतं त्याने? सात वर्षांपूर्वी तो दारात आला. “पाळकसाहेब, माझं नाव वहीतून काढता येईल का?” कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना होती. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, आपण अजून बाहेरच आहोत. त्याच्या चुलत्यांचं घर बौद्ध आहे. आडनाव एक, वस्ती एक, पाणी भरायचा नळ एक, गावाने दिलेली वागणूकही एकच. चुलतभावाची फी माफ आणि याची पूर्ण. हा अन्याय आहे, मी तो कोणत्याही व्यासपीठावर बोलायला तयार आहे.

पण त्या दिवशी मी काय केलं ते ऐक. येशूचा शिष्य पेत्र याने भीतीपोटी ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून प्रभूला नाकारल्याची गोष्ट त्याला ऐकवली. अठरा वर्षांच्या पोराला, उभ्या उभ्या, दारात. त्याने मान खाली घातली आणि निघून गेला. पुढच्या रविवारपासून त्याची आई उपासनेला येईना.

वही खोटी करता येत नाही, हे मला आजही मान्य आहे. एक नाव खोडलं तर उरलेल्या नावांचा भरवसा कोणी धरायचा? पण त्याला वहीची अडचण नव्हती, फीची होती. आधी ‘बस’ म्हणायला हवं होतं. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या राज्यात इतर मागासवर्गात जागा आहे, त्या दाखल्याला कोणते कागद लागतात हे मला पाठ होतं. ते मी त्याला सांगितलं, पण वर्षभराने, त्याच्या घरी जाऊन. तोवर त्याचं एक वर्ष गेलं होतं आणि ते माझ्यामुळे गेलं. पुढे तो शिकला, आता सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. आई पुन्हा येऊ लागली. तो आला नाही.

या सोमवारी पहाटे पाचला दार वाजलं. सोमवार पाळकाच्या सुट्टीचा, असं तुमच्या तक्त्यातही छापलं आहे. दार उघडलं तर तोच. “आजी गेली,” इतकंच म्हणाला.

या वेळी मी त्याला आधी बसवलं.

मे महिन्यात आपल्या दफनभूमीतला मुरूम कसा असतो ते तुला माहीत आहे. टिकाव मारला की ठिणगी उडते. आपल्याकडे दोन फावडी आणि एक वाकलेली पहार. मौलानांना फोन केला. त्यांनी विचारलं नाही की कोण गेलं, फक्त “किती वाजता?” आणि कबरस्तानातल्या चार पहारी पाठवल्या, सोबत खोदायची सवय असलेले दोघे. वस्तीच्या शेजारच्या मळ्यातल्या पाटलांच्या मुलाने टँकर आणून जमिनीवर पाणी सोडलं. खोदायला नातू आणि त्याचे बौद्ध चुलतभाऊ आळीपाळीने उतरत होते. मीही उतरलो, पण दहा मिनिटांत त्यांनी मला वर घेतलं.

मुंबईची लेक यायची होती. गाडीला उशीर झाला. पेटी घरात, उन्हाचा कडाका, बर्फ दोनदा आणावा लागला. त्या मधल्या चार तासांत मी काही केलं नाही. म्हाताऱ्याजवळ ओट्यावर बसलो. तो बायकोविषयी बोललाच नाही. तिने पाळलेल्या शेळीविषयी बोलला, ती आता कोणाला दूध काढू देईल याविषयी. मी शास्त्रातलं एकही वचन काढलं नाही. तुझ्या प्राध्यापकांना हे कदाचित कमी वाटेल. तू मात्र अशा ओट्यावर बसशील तेव्हा वचनाची घाई करू नकोस.

लेक आली तेव्हा सूर्य कलला होता. शेवटचा विधी मी मोबाइलच्या उजेडात वाचला, कारण टॉर्चचे सेल संपलेले. बायकांनी गीत धरलं. मूठमातीच्या वेळी तो सगळ्यांच्या मागे, भिंतीपाशी उभा होता. मी वाट पाहिली. मग पुढे आला, माती टाकली आणि हात झटकले नाहीत, तसाच मुठी मिटून उभा राहिला.

रात्री जेवायला बसत होतो तेव्हा पुन्हा दारात. “पाळकसाहेब, वहीत आजीचं नाव नीट लिहा. घरात सगळे बाईच म्हणायचे. आधार कार्डावरही चुकलंय.” जेवण झाकून ठेवलं आणि कपाट उघडलं. तासभर शोधल्यावर 1936 च्या पानावर ती सापडली. वय चार महिने. नाव दबोरा, शास्त्रातल्या त्या न्यायाधीश बाईचं, इस्राएलचा न्यायनिवाडा खजुराच्या झाडाखाली बसून करणारीचं. नव्वदीच्या घरात पोचेपर्यंत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. मी दफनाच्या वहीत ते पूर्ण लिहिलं आणि त्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं.

मग म्हणाला, “माझं पान दाखवता?”

मी पान काढून दिलं. त्याने आपल्या नावावर बोट ठेवलं, खालची सही कोणाची ते विचारलं. माझीच होती. त्याने काही मागितलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. मम्मीने चहा ठेवला, पिठलं-भाकरी पुन्हा गरम केली. तो जेवून साडेअकराला गेला.

आता मला सांग, हा सोमवार कोणत्या रकान्यात जातो? तक्ता सोबत जोडला आहे, पहिला रकाना भरलेला, बाकी तीन मोकळे. गुण कापले तर माझं नाव सांग.

पुढच्या रविवारी वस्तीवर संध्याकाळची प्रार्थना आहे. तू आलीस तर म्हाताऱ्याला बरं वाटेल, तुझी आठवण काढत होता. येताना टॉर्चचे मोठे सेल आण, चार. इथल्या दुकानात बारकेच मिळतात.

तुझे,
पप्पा