घरगुती साबण शिकवताना कॉस्टिक सोड्याची खबरदारीही शिकवा

महोदय,
नाशिकमध्ये घरच्या घरी साबण बनवायला शिकवणारे एकदिवसीय वर्ग हल्ली वाढले आहेत आणि महिला बचत गटांना त्यातून चार पैसे मिळतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पंचवटीतील अशाच एका वर्गात गेल्या महिन्यात मी जे पाहिले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. तेथे कॉस्टिक सोडा चक्क अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कालवला गेला. क्षणात फेस उसळला, पातेले काळे पडले आणि शेजारच्या ताईंच्या मनगटावर शिंतोडे उडाले. सोड्याची अॅल्युमिनियमशी क्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, हे कोणीही सांगितले नव्हते.

भांडे स्टीलचेच हवे. सोडा थोडाथोडा करून थंड पाण्यात सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. मोजमाप चमच्याने नव्हे, वजनकाट्यावर करावे, कारण एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. नवशिक्यांनी हिशेबापेक्षा पाच टक्के सोडा कमीच घ्यावा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहून साबण त्वचेला बोचत नाही. वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवाव्यात. त्या ताईंना कोणी व्हिनेगर लावायला सांगत होते. खरे तर अशा वेळी हात नळाखाली भरपूर वेळ धरायचा असतो. वर्ग घेणाऱ्यांनी प्रत्येकीला चष्मा व रबरी हातमोजे दिल्याशिवाय सोड्याची पिशवी उघडूच नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नाशिक