आधी नाव, मग हात

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मेधा,

इंदूरच्या शाळेचा हॉल मिळाला, उत्तम झालं. गोलबॉल, म्हणजे अंध मुलींनी घुंगरांच्या आवाजावरून चेंडू आडवं पडून अडवायचा खेळ, सुरू करतेस तर चेंडूच्या आधी सुतळी आण. मैदान १८ बाय ९ मीटर. रेघेखाली साधारण ३ मिलिमीटर जाडीची सुतळी आणि वरून ५ सेंटीमीटर रुंदीची टेप, म्हणजे रेघ बोटांना, तळव्यांना लागते. पॅकिंगची तपकिरी टेप मात्र नको. मुली अडवायला आडव्या पडून घसरतात तिथेच ती आधी सुटते आणि कडेत नख अडकतं. कापडी टेप महाग पडते, तरी घे. सरावाआधी रोज सगळ्या रेघांवरून हात फिरव.

चेंडू सव्वा किलोचा, आत घुंगरू. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फुटबॉल आवाज ओळखायला चार दिवस चालेल, पुढे नको. वजनाची सवय होत नाही. कुशीवर आडवं व्हायचं, हात डोक्यापलीकडे ताणलेले, पाय लांब, मान मागे. चेहरा पुढे आला की चेंडू नाकावर बसतो. काचेच्या बांगड्या, कानातलं, पिना दाराशीच डब्यात. घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत.

थोडंफार दिसणाऱ्यांनाही डोळ्यांवर पट्टी हवीच, त्यानेच सगळ्या सारख्या होतात. पण प्रत्येकीची पट्टी वेगळी ठेव, नाहीतर एकीचे डोळे आले की अख्खा संघ घरी. आणि पंखे बंद! त्या घरघरीत घुंगरू ऐकू येत नाहीत. म्हणजे मे महिन्यात सराव सकाळी सहाला.

खरी काळजी वेगळीच आहे. या खेळात स्पर्शाशिवाय शिकवता येत नाही, आणि हात कोणाचा हे मुलीला दिसत नाही. म्हणून आधी तिचं नाव, मग आपलं नाव, मग काय करणार ते, मग तिचा होकार, आणि मगच हात. त्याहून बरं म्हणजे आडवं कसं व्हायचं ते तू करून दाखव आणि तिला तुझे खांदे, कोपर चाचपू दे. चालताना तिने तुझं कोपर धरायचं. तू तिला मागून ढकलायचं नाही. प्रशिक्षक पुरुष असेल तर हॉलमध्ये दुसरी बाई हवीच, दार उघडं.

तक्रारीचा फलक भिंतीवर लावून मोकळं होऊ नकोस. वाचणार कोण? नियम ब्रेलमध्ये दे, मुलांच्या मदतीचा फोन नंबर १०९८ पाठ करून घे. १८ वर्षांखालच्या मुलीने लैंगिक छळाचं काही सांगितलं, तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणणारे संचालक भेटतील, त्यांना तेवढंच ऐकव. हॉल नाकारला तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ३० दाखव. ते खेळांबद्दलच आहे.

गोलच्या खांबांना जुन्या गादीचा फोम गुंडाळ, आणि बांधशील त्या दोरीची गाठ मैदानाच्या बाहेरच्या अंगाला ठेव.

तुझी,
सुनंदा