लिहिणारा हात बघायला दहा मिनिटं द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मुलांचं अक्षर सुधारायचं म्हटलं की दोनच उपाय निघतात: स्पर्धा आणि शुद्धलेखन. स्पर्धेत प्रमाणपत्र मिळतं ते ज्याचं अक्षर मुळात चांगलं आहे त्याला. बाकीच्यांना घरी रोज दहा ओळी. पहिली-दुसरीला शिकवताना मीही हे दोन्ही इमानेइतबारे केलं. मधल्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायचं आणि लाल पेनानं 'अक्षर सुधार' असा शेरा मारायचा. कसं सुधारायचं, ते मी कधी लिहिलं नाही.

एकदा एका मुलाशेजारी सहज बसले. त्याचा 'क' वहीत नेटका दिसायचा. पण तो आधी दांडी ओढत होता, मग उजवीकडचा आकडा, आणि शेवटी डावीकडचं वाटोळं खालून वर नेऊन, थांबत थांबत चिकटवत होता. दुसरीत हे खपून जातं. चौथीत पेपर लिहिताना वेग लागतो आणि असंच अक्षर कोलमडतं. मग आपण म्हणतो, पोरगं आळशी झालं. तपासलेल्या वहीत मला ही चूक कधीच दिसली नसती. आपण अक्षराला 'वळणदार' म्हणतो ते उगाच नाही, वळण हाताला लागावं लागतं.

म्हणून मागणी एकच. पहिली ते तिसरीच्या वेळापत्रकात रोज दहा मिनिटं अशी ठेवा, की मुलं लिहितील आणि शिक्षक वर्गात फिरत त्यांचे हात बघतील.

काय बघायचं, हे मात्र प्रशिक्षणात शिकवावं लागेल. पाय टेकलेत का, कोपर बाकाच्या उंचीला येतं का, पेन्सिल मुठीत आवळलीय की अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर टेकलीय. मुठीत धरणाऱ्याला बोटभर उरलेली पेन्सिल द्या. ती मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावी लागते. दहांत साधारण एक मूल डावखुरं असतं. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, वहीचं वरचं टोक उजवीकडे कललेलं ठेवलं आणि पेन्सिल जराशी वर धरायला सांगितलं, तर निम्मी कुरकुर संपते. हात बदलायला लावू नये, हे अजूनही सांगावं लागतं!

अक्षरांचा क्रमही बघा. वर्णमाला पाठ करायला 'क'पासून ठीक आहे, लिहायला नाही. ग, म, भ, न एकत्र. व, ब, क एकत्र. र, स, ख एकत्र. एक वळण बसलं की पुढची अक्षरं त्यातून निघतात. शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर. पुस्तकात पाकळीचा 'ल' आणि फोनवर दांडीचा, या घोळात मुलानं काय करायचं, हेही एकदा शिक्षकांना सांगा.

ठिपके जोडायच्या छापील वह्या वाटण्याचा विचार असेल, तर थांबा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं स्वतः हातानं काढली, काही गिरवली, काही टाइप केली. नंतर ती अक्षरं पाहताना, वाचनात गुंतणारे मेंदूचे भाग उठून दिसले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळीच. ठिपक्यांवरून फिरणाऱ्या हाताला वळण शोधावं लागत नाही.

एवढं करूनही काही मुलांचा हात अडेल. त्यांतल्या काहींना डिसग्राफिया, म्हणजे लिहिणंच जड जाण्याची अडचण, असेल. रोज हात बघणाऱ्या शिक्षकाला ती मुलं लवकर सापडतील, पण पुढे पाठवायला तज्ज्ञ लागेल. ती सोय आपल्या हातात आहे.

आणि जाता जाता, शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावणं परिपत्रक काढून बंद करा. तिसाव्या ओळीनंतर अक्षराचं काय होतं, ते अशी एखादी वही मागवून आपणच पाहावं.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका